आमचा धाकटा

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात एका पालकाने केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात असे पालक बोलतात, ज्यांची मुले डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली, परदेशी शिकावयास गेली. ते योग्यच आहे. मुलांपुढे असे नमुने असावेत. मी मात्र त्या पंक्तीत बसणारा नाही. मी कतारमध्ये बारा वर्षे एअरकंडिशनर दुरुस्त केले आणि आता तालुक्याच्या गावी माझे विजेच्या वस्तू दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. माझी थोरली मुलगी याच संस्थेत शिकली, पदवीधर झाली. पण आज मला बोलावले आहे ते तिच्यासाठी नव्हे, आमच्या धाकट्यासाठी. तो आता अठराव्या वर्षात आहे. त्याला शंभरएक शब्द बोलता येतात. दहावीच्या परीक्षेला तो बसेल असे वाटत नाही. तेव्हा माझ्या भाषणात यशाची गोष्ट नाही, हे अगोदरच सांगून टाकतो, म्हणजे कोणाची निराशा व्हावयाची नाही.

वाशिष्ठीच्या खाडीकाठी आमचे गाव. धाकटा २००८ च्या मे महिन्यात जन्मला. मी तेव्हा दोह्याला होतो. आपल्याकडच्या बहुतेक बापांनी आपली मुले प्रथम फोटोत पाहिली आहेत, तशी मीही पाहिली. वर्षाचा झाला तेव्हा फोनवर त्याचे ‘अब्बा’ ऐकू येई, ‘पाणी’ ऐकू येई. दीड वर्षाच्या सुमाराला ते शब्द कमी झाले आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत गेलेच. हाक मारली तर वळून पाहीना. काही हवे असेल तर बोटाने दाखवीत नसे. आईचे मनगट धरून तिला त्या वस्तूपाशी नेई, जणू तो हात म्हणजे एखादे अवजार. तासन् तास पडवीत बसून घरातल्या चपला जोडीजोडीने ओळीत लावी. ओळ मोडली की असा आकांत करी, की शेजारची माणसे धावून येत.

घरात सर्वांनी सांगितले, मुलगे उशिराच बोलतात. याचा चाचा पाच वर्षांनी बोलला आणि आता कोणाला बोलू देत नाही. मग कोणी म्हणाले नजर लागली. ताईत झाले, पाणी झाले, दर्ग्यावर चादर झाली. मी त्याची चेष्टा करणार नाही. लेकरासाठी आई काय करीत नाही? पण एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आमच्या गावच्या मौलाना साहेबांकडे माझी पत्नी त्याला घेऊन गेली, तेव्हा ते म्हणाले, “बेटी, दुआ मी करीनच. पण तू आधी याचे कान तपासून घे.” आमच्या सर्व नातलगांत हा शहाणपणाचा शब्द पहिल्याने त्यांनीच उच्चारला. तोवर मुलगा अडीच वर्षांचा झाला होता.

कान ठीक निघाले. पुढे मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात तीन खेपा झाल्या आणि २०११ मध्ये डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिले : ऑटिझम.

मराठीत याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द चांगला घडवला आहे, पण मला तो पटत नाही. स्वतःतच बुडालेला, असा त्याचा अर्थ. आमचा मुलगा स्वतःत बुडालेला नाही. घरात आलेल्या पाहुण्यांपैकी कोणाच्या चपलेचा अंगठा उसवला आहे हे त्याला माहीत असते. त्याची आई आजारी असली की तो तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहतो. तेथून उठत नाही, पण आतही जात नाही. त्याचे लक्ष जगाकडेच आहे. ते कोठे आणि कसे लागेल, हे आपल्या अंदाजात बसत नाही, एवढेच. मेंदूची घडण जन्मापासून थोडी निराळी, असे डॉक्टर सांगतात. दोन मुले सारखी नसतात. कोणी फडाफडा बोलते आणि तरी गप्पा कशा मारतात ते त्याला उमगत नाही. कोणी आयुष्यभर एक शब्द बोलत नाही. २०१० साली शाहरुखचा ‘माय नेम इज खान’ आला होता, त्यातला नायक अशांपैकीच. त्यामुळे आमच्या घरी ऑटिझम हा शब्द आला तेव्हा एक नातलग खुशीत म्हणाले, “म्हणजे हा फार हुशार निघणार!” काही मुले निघतातही. आमचा चपला लावतो.

आता पालकहो, जे सांगावयाला मी उभा आहे, त्याकडे येतो.

२०१० साली, तपासणी व्हायच्या आधी, मी दोह्याहून फोनवर पत्नीला म्हणालो, “तू त्याला टीव्हीपुढे बसवतेस, बोलत नाहीस त्याच्याशी, म्हणून तो असा झाला.” ती काही बोलली नाही. आठ दिवस फोन उचलला नाही. नवव्या दिवशी उचलला आणि म्हणाली, “तुम्ही या. आठ दिवस सांभाळा. मग सांगा.” मी पुढच्या रजेवर चाळीस दिवस आलो. चौथ्या रात्री मी पडवीत बसून रडलो. मुलगा रात्री दोनला उठे आणि पहाटे पाचपर्यंत घरभर फिरे. त्याच्यामागे ती दीड वर्ष एकटी फिरली होती. त्यात माझी अम्मी तिला म्हणे, तुझ्याच माहेरचे रक्त असे. आणि तिच्या माहेरची माणसे म्हणत, बाप परदेशी, मग पोर बोलणार कोणाशी? दोष एकच, आणि त्याला धनी शोधावयाचा होता. बहुतेक वेळा तो बाईच्या दारात जाऊन बसतो.

यात आपण गावंढळ म्हणून चुकलो असे समजू नका. मोठ्या मोठ्या विद्वानांनीही हेच केले आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून या अवस्थेला हे नाव मिळाले. पण पुढे तेथे अशी कल्पना रुजली, की आईच्या मायेत ओल नसते म्हणून मूल असे होते. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांनी त्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिले, ते फार गाजले. त्या पुस्तकामुळे किती आयांनी आपली आयुष्ये स्वतःला दोष देत काढली असतील, कोण मोजणार? याच्या उलट पहिले ठाम पुस्तक १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी लिहिले होते. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते. मग १९७७ साली लंडनमध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्या तपासल्या. हुबेहूब सारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडे ऑटिस्टिक निघाली. निराळ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत एकही तशी नाही. म्हणजे गोष्ट मुळात जन्माबरोबर येते, संगोपनाने होत नाही. हे आता सर्वमान्य आहे. यात आईच्या माहेरचे रक्त आणि बापाचे रक्त असा न्यायनिवाडा करीत बसण्यात अर्थ नाही. एकच एक कारण सापडलेले नाही, जनुके शेकडो आहेत आणि ती दोन्ही घरची असतात.

मी हे पुष्कळ नंतर वाचले. वाचले त्या रात्री पत्नीला सांगितले. ती म्हणाली, “मला लंडनच्या माणसांनी सांगायची गरज नव्हती. तुम्ही सांगायला हवं होतं.”

लसीविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण आपल्या मोहल्ल्यांत ही गोष्ट अजून फिरते. १९९८ साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टराने बारा मुलांवरून असा लेख लिहिला, की गोवराच्या एकत्रित लशीचा या अवस्थेशी संबंध असावा. तो लेख खोटा ठरला. ज्या नियतकालिकात आला होता, त्यानेच २०१० मध्ये तो मागे घेतला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टराचे नाव इंग्लंडच्या डॉक्टरांच्या नोंदपटावरून काढून टाकण्यात आले. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची नोंद तपासली, तिचा निष्कर्ष २०१९ साली आला : संबंध नाही. पण अफवा लेखापेक्षा चिवट असते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूला आणि मालेगाव, भिवंडीला गोवराची साथ आली, त्यात लस न टोचलेली मुले बरीच होती आणि काही लेकरे दगावली. आमच्या मुलाला सर्व लसी टोचल्या आहेत आणि पुन्हा वेळ आली तरी टोचू.

तसेच औषधांचे. आम्हांलाही एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याने मूळ पेशी टोचून मुलगा बोलता करतो म्हणून सांगितले होते. रक्कम लाखांत होती. मी आंब्याची बाग गहाण टाकावयास निघालो होतो. पत्नीने कागद काढून घेतले, म्हणून बाग राहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत या उपचाराला रक्ताच्या काही आजारांपलीकडे मान्यता नाही. ऑटिझम मुळापासून घालवणारे औषध नाही. जो तसे सांगतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

मग आहे काय? शिकवणे आहे. भाषोपचार आहेत, रोजच्या कामांची सवय लावणारे व्यवसायोपचार आहेत. आमच्या गावात यातले काही नव्हते. माझी पत्नी, जी नववीनंतर शाळेत गेली नाही, ती मुंबईला आपल्या खालाकडे राहून पंधरा दिवस शिकून आली आणि मग घरीच तिची शाळा सुरू झाली. जुन्या कॅलेंडरावरची आणि रद्दी मासिकांतली चित्रे कापून तिने पुठ्ठ्यावर चिकटवली. दात घासणे, न्याहरी, शाळा, आंघोळ, झोप. सकाळी ती चित्रे दोरीवर ओळीने लावायची आणि एकेक काम झाले की एकेक उलटे करायचे. मुलाला पुढे काय घडणार हे दिसू लागले आणि त्याचा निम्मा आकांत थांबला. विचार करा, तुम्हांला कोणी न सांगता रोज गाडीत घालून कोठेही नेले तर तुम्हीही ओरडालच.

रमजानमध्ये आमचे पहिले काही वर्षे फार हाल झाले. साऱ्या घराचे वेळापत्रक उलटे होते, जेवण रात्री, झोप दिवसा, आणि हा गोंधळून भिंतीवर डोके आपटी. आता आठवडाभर आधी चित्रांची दोरी बदलते. ईदचा कुर्ता नवा म्हणून तो अंगाला लावीत नसे, कारण कांजीचे कापड त्याला टोचते. तो कुर्ता आम्ही तीनदा धुतो, गळ्याची चिठ्ठी उसवून टाकतो आणि आठ दिवस आधी त्याच्या उशाशी ठेवतो. ईदगाहवर तो येतो, पण कडेला उभा राहतो आणि गर्दी सुटण्याआधी आम्ही निघतो. पहिल्या वर्षी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, “गळाभेट तरी घेऊन जा,” म्हणून त्याला ओढले, तेव्हा जे झाले ते सांगत नाही. आता तेच गृहस्थ लांबून हात हलवतात. तोही हलवतो.

एक चूक मात्र आमच्याकडून अशी झाली, की ती निस्तरता आली नाही. एका डॉक्टरांनी सांगितले, घरात एकच भाषा बोला, दोन भाषांनी मूल गोंधळेल. शाळा मराठी, म्हणून आम्ही मराठी धरली आणि आमची कोकणी बोली त्याच्याशी बंद केली. माझ्या अम्मीला बोलीशिवाय दुसरे काही येत नव्हते. ती एक वर्ष नातवाशी बोललीच नाही. त्याच्या शेजारी नुसती बसे, तांदळाची भाकरी मोडून हातावर ठेवी. नंतर कळले, की दोन भाषांनी अशा मुलांचे बोलणे मागे पडत नाही, असेच अभ्यासांत दिसून आले आहे. अम्मीला आम्ही सांगितले, “बोल आता.” ती बोलू लागली, पण २०१९ मध्ये गेली. आज तो जे शंभर शब्द बोलतो त्यांतले निम्मे बोलीतले आहेत. ते तिचे.

शाळेची हकीकत थोडक्यात सांगतो. तीन शाळांनी नको म्हटले. चौथीत एक बाई म्हणाल्या, “बसवून तर बघू.” पहिले सहा महिने त्याची आई वर्गाच्या दाराशी बसली. घंटेचा आवाज त्याला सोसत नसे, तर बाई घंटेच्या दोन मिनिटे आधी त्याच्या बाकावर हात ठेवीत. तो कानांवर हात ठेवून तयार राही. यासाठी संस्थेला एक रुपया खर्च आला नाही. विद्यार्थी मित्रांनो, वर्गात त्याला एक टोपणनाव पडले होते, ते मी येथे उच्चारणार नाही, तुम्हांला अशी नावे ठाऊक असतात. ते नाव एका मुलाने बंद पाडले. भाषण करून नव्हे. त्याने बाईंकडून वह्या वाटण्याचे काम आमच्या धाकट्याला मागून दिले. धाकट्याने चाळीस वह्या अचूक चाळीस जणांच्या हातात दिल्या, नाव न वाचता, नुसते पुठ्ठे ओळखून. ज्याच्या हातून वही घ्यायची त्याला चिडवणे मुलांना जड गेले असावे.

आता शाळांना नाही म्हणता येत नाही. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते प्रथम आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत ते आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, लेखी परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंत. लहान मुलांसाठी जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे २०१३ नंतर सुरू झाली, तेथे तपासणी फुकट होते. आपली किती माणसे तेथे जातात? प्रमाणपत्र म्हणजे पोराच्या कपाळावर शिक्का, असे मलाही वाटे. चार वर्षे मी तो कागद काढला नाही. ती चार वर्षे मुलाची गेली, माझे काय गेले?

दरवर्षी २ एप्रिल हा या मुलांचा दिवस जगभर पाळतात. संयुक्त राष्ट्रांत तो ठराव २००७ च्या डिसेंबरात कतारने मांडला आणि पहिला दिवस २००८ च्या एप्रिलात पाळला गेला. आमचा धाकटा पुढच्याच महिन्यात जन्मला. मी त्याच देशात राहत होतो, पगार घेत होतो, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आता शेवटची गोष्ट. ही मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही. पत्नीला विचारून सांगतो आहे.

२०२२ च्या जुलैत, बकरी ईदनंतर, मुलीसाठी एक चांगले स्थळ आले. मुलगा रजेवर आलेला, घराणे नावाजलेले. दोन-तीन नातलगांनी सल्ला दिला, पाहुणे येतील तेव्हा धाकट्याला समोर आणू नका, उगीच प्रश्न निघतात. मुलगी म्हणाली, “तो घरात नसेल तर मी चहा घेऊन बाहेर येणार नाही.” मी तिच्यावर ओरडलो. पत्नी गप्प राहिली. आदल्या दिवशी मी स्वतः धाकट्याला खेडला त्याच्या मामूंकडे सोडून आलो. तो चौदा वर्षांचा होता. चित्रांच्या दोरीवर ‘मामूंचे घर’ हे चित्र नव्हते, कारण ते लावले तर तो का, किती दिवस, असे विचारत त्या चित्रावर बोट ठेवून बसला असता आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पाहुणे बसले होते आणि फोन आला. सकाळी आठपासून मुलगा नाही. बाहेर धो धो पाऊस. जगबुडी दुथडी वाहत होती. अशी मुले घरातून निघून जातात आणि पुष्कळदा पाण्याकडे जातात, हे मला ठाऊक होते. मी उठलो तेव्हा माझे पाय मला धरीनात. पाहुण्यांना काय सांगितले ते आठवत नाही. मुलाचे वडील उठले आणि म्हणाले, “गाडी दारात आहे. चला.” ज्यांच्यापासून मी पोर लपवले होते, त्यांच्याच गाडीतून मी त्याला शोधावयास निघालो. रस्ताभर ते एवढेच विचारीत होते, त्याने अंगात काय घातले आहे, कोणत्या नावाने हाक मारू.

आम्ही अर्ध्या वाटेत असताना माझा फोन वाजला. खेडच्या एसटी स्टँडवरून एक कंडक्टर बोलत होते. माझ्या पत्नीने मुलाच्या प्रत्येक सदऱ्याच्या खालच्या काठाला बाहेरून एक पट्टी शिवली आहे, गळ्याशी त्याला टोचते म्हणून काठाला. तीवर नाव, अवस्था आणि दोन फोन नंबर धाग्याने भरलेले असतात. ज्यांच्या घरी असे मूल असेल त्या आयांनी आज रात्रीच हे करावे. चिपळूणची गाडी लागते त्या फलाटावर तो बसला होता, भिजून चिंब. घरी यायचे होते त्याला. गाडी ओळखली होती, पण चढला नव्हता, कारण आम्ही बरोबर नव्हतो आणि गाडीत एकटे चढावयाचे नाही हे त्याला आईने शिकवले होते. तीन तास तो तसाच बसला होता आणि बाकाखाली उतारूंच्या चपला... असो.

तो मला पाहून हसला नाही, रडला नाही. माझे मनगट धरले आणि मला गाडीकडे नेले.

ते स्थळ जमले नाही. पंधरा दिवसांनी मध्यस्थाने नम्रपणे नकार कळवला. त्या गृहस्थांबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे आणि नकाराचे दुःखही आहे, दोन्ही आहे. पुढच्या वर्षी दुसरे स्थळ आले, तेव्हा धाकटा पडवीतच होता. पाहुणे आले, त्यांनी चपला काढल्या, त्याने त्या लावल्या. मुलीने चहा आणला. तिचा संसार आता रत्नागिरीला आहे.

एक काम राहिले आहे. धाकटा अठरा पूर्ण झाला की कायद्याने सज्ञान होईल आणि आम्ही आई-बाप असूनही आपोआप त्याचे पालक राहणार नाही. बँकेचे खाते, जमिनीतला त्याचा वाटा, कोणतीही सही अडेल. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. ही माहिती मला कोणी दिली नव्हती, म्हणून तुम्हांला देतो. आमच्यानंतरचा पालक म्हणून मुलीने आपले नाव सुचवले आहे. तिच्या नवऱ्याने, मी न विचारता, संमतीच्या कागदावर सही केली. कागद तयार आहेत, मे महिना उजाडला की अर्ज जाईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने शंभर-सव्वाशे माणसांमागे एक असा असतो. या सभागृहात आज किती माणसे आहेत, तुम्हीच मोजा. आणि अशी मुले सभेला आलेली दिसतात का, तेही पाहा. कोणाला काही विचारावयाचे असेल तर भाषणे संपल्यावर मी मागच्या खिडकीपाशी थांबतो. माझी पत्नी महिलांच्या बाजूला आहे, खरी माहिती तिच्याकडे आहे.

आणि जाताना एक विनंती. तुम्ही सारे सतरंज्यांवर बसला आहात आणि चपला बाहेर व्हरांड्यात काढल्या आहेत. आमचा धाकटा सकाळपासून तेथेच आहे. तुम्ही जेथे काढल्या होत्या तेथे त्या आता नसतील. जिन्याकडून सुरू केलेली ओळ असेल, लहान जोड आधी, मोठे नंतर. आपला जोड मधूनच ओढू नका. त्याच्यासमोर उभे राहून पायाकडे बोट दाखवा, तो काढून देतो.